हसण्यावारी नेता येईल एवढेच दुर्दैव

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मलकापूरहून बुलढाण्याकडे येणारी सकाळची बस राजूर घाटाच्या ऐन मध्यावर बंद पडली. बंद पडण्यासाठी तिने जागाही अशी निवडली होती की, खाली उतरावे तर पाऊस आणि आत बसावे तर गळके टप. मी त्या दिवशी छत्री घेतली नव्हती. आधीचे आठ दिवस ती इमानेइतबारे बरोबर वागवली होती आणि त्या आठ दिवसांत पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. अर्ध्या तासाने मागून दुसरी बस आली, परंतु ती काठोकाठ भरलेली होती. तिच्या चालकाने दोनदा भोंगा वाजवून आमच्याविषयीची सहानुभूती व्यक्त केली आणि जाता जाता रस्त्यावरील गढूळ पाण्याने आम्हां उतरलेल्या प्रवाशांचे पाद्यपूजनही केले. तेवढ्यात माझ्या शेजारी उभा असलेला एक वयस्क शेतकरी मला म्हणाला, "गुरुजी, आज तं सोमवारच हाय. हप्ता अजून साराच बाकी हाय." यावर सगळे प्रवासी खळखळून हसले. चिडलेला वाहक हसला, बॉनेटमध्ये डोके खुपसून बसलेला चालकही हसला.

एक जण मात्र हसला नाही. तो आमच्याच व्यवसायातील एक तरुण होता. त्याच्याविषयी पुढे लिहायचे आहे. तूर्त एवढेच नमूद करतो की, त्या घाटातील हसण्याने आणि त्या एका न हसण्याने मला बरेच दिवस विचारात पाडले. माणसाचे काम बिघडते, बेत फसतो, वेळ चुकते आणि तरीही तो हसतो, हे कसे घडते? ते केव्हा घडते आणि केव्हा घडत नाही? हा प्रश्न वरवर पाहता साहित्यिकांचा आहे. परंतु त्याची एक बाजू अर्थशास्त्राचीही आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

म्हणींचा वारसा

रोजच्या फजितीकडे पाहण्याची मराठी माणसाची रीत त्याच्या म्हणींत साठलेली आहे. घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने. आगीतून उठून फुफाट्यात. बुडत्याचा पाय खोलात. यांतील प्रत्येक म्हण म्हणजे कोणा एका अनामिक माणसाच्या फसलेल्या बेताचा सारांश आहे. या म्हणी दुःखाच्या असूनही त्या उच्चारताना आपल्या ओठांवर किंचित हसू येते. व्याह्याचे घोडे डोळ्यांपुढे उभे राहते. त्याला चारा घालावा लागणार, त्याला हाकलून देता येणार नाही, कारण ते व्याह्याचे आहे, हे सारे एका क्षणात उमगते. संकटाला असे चित्र लाभले की त्याचा निम्मा भार कमी होतो.

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण तर निखळ अर्थशास्त्रीय आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. हा फरक भरून काढण्यासाठी साधारण तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास येतो. कणगीतले धान्य बारा महिन्यांच्या बेताने राखलेले असते. त्यात दुष्काळ पडावा आणि नेमके त्याच वर्षी पंचांगाने एक महिना वाढवावा! उत्पन्न घटले असताना खर्चाचा काळ लांबला, एवढा मोठा विचार या तीन शब्दांत मावला आहे. आणि ही केवळ म्हण नव्हे. २०२३ साली अधिक श्रावण आला. त्याच वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑक्टोबर संपता संपता राज्य शासनाने जे चाळीस तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले, त्यांत आपल्या जिल्ह्यातील बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. म्हणीने अक्षरशः खरे व्हायचे ठरवले, तर ते असे होते.

याच जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. तेथे दर वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात. मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची ढेकळे आणि पाण्याने भरलेली घागर ठेवतात व सभोवती अठरा प्रकारची धान्ये मांडतात. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी त्या मांडणीत झालेले बदल पाहून पाऊस, पीक आणि राज्यकारभार यांविषयी भाकीत सांगितले जाते. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, हे वेगळे सांगावयास नको. तरीही त्या पहाटे दूरदूरच्या गावांतून शेतकरी जमतात. याचे कारण त्यांना विज्ञान कळत नाही हे नसून, ज्याच्या वर्षाचे सारे गणित एका पावसावर अवलंबून आहे, त्याला येणाऱ्या विघ्नाची निदान पूर्वसूचना हवी असते, हे आहे. ज्याचा पगार पहिल्या तारखेला ठरलेला आहे, तो भाकीत ऐकण्यासाठी पहाटे उठत नाही.

विनोदाचे माहेर याच मातीत

मराठी गद्य विनोदाचा पाया ज्यांनी घातला, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे याच भागात वावरलेले गृहस्थ, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना सांगितली की त्यांना नवल वाटते. १८७१ साली जन्मलेल्या कोल्हटकरांनी खामगावी आणि जळगाव जामोद येथे वकिली केली. त्यांच्या विनोदी लेखांचा एक संग्रह 'अठरा धान्यांचे कडबोळे' या नावाने १९१० साली निघाला आणि पुढे 'सुदाम्याचे पोहे' या नावाने ते लेख घरोघरी पोहोचले. कोल्हटकरांचे अठरा धान्यांचे कडबोळे आणि भेंडवळच्या घटाभोवतीची अठरा धान्ये यांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे मी सुचवीत नाही. परंतु एकाच तालुक्यात एका बाजूला भविष्य मांडले जात होते आणि दुसऱ्या बाजूला एक वकील अंधश्रद्धा व रूढी यांची सुदामा आणि बंडूनाना यांच्या तोंडून थट्टा मांडीत होता, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

कोल्हटकरांचा विनोद प्रामुख्याने समाजाच्या खोडींवर होता. रोजच्या जीवनातील फजितीला नायकपद दिले ते चिं. वि. जोशी यांनी. त्यांचा चिमणराव हा फजितीचा मूर्तिमंत अवतार. तो प्रवासाला निघाला की काहीतरी हुकणार, पाहुणचाराला गेला की काहीतरी बिघडणार आणि गुंड्याभाऊ मदतीला धावला की ते अधिकच बिघडणार, हे वाचक आधीपासून जाणून असतो. पुढे दूरदर्शनवर चिमणराव अवतरला, तेव्हा ज्यांनी पुस्तक कधी उघडले नव्हते त्यांच्याही घरात तो आप्तासारखा वावरू लागला. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस' या कथेत तर बसच्या वाटेत आडवी आलेली एक म्हैस सगळा प्रवास अडवून धरते आणि त्या खोळंब्यातून माणसांचे नाना नमुने बाहेर पडतात.

या सर्व साहित्यात एक गोष्ट समान आहे. वाचक निर्धास्त असतो. चिमणरावाची कितीही फटफजिती झाली, तरी प्रकरण संपता संपता तो आपल्या घरी, आपल्या माणसांत परत येणार, हे वाचकाला ठाऊक असते. चिमणराव कारकून आहे. पहिली तारीख त्याला चुकणार नाही. माझ्या मते या विनोदाचा पाया हाच आहे. बिघाड व्हावा, परंतु त्याची किंमत सोसता येईल एवढीच असावी. त्या मर्यादेच्या आत हसू आहे. तिच्या पलीकडे हसू नाही.

दैव की व्यवस्था?

पाश्चात्त्य देशांत या विषयावरचे एक वचन फार प्रसिद्ध आहे. जे बिघडू शकते ते बिघडल्यावाचून राहात नाही, हा 'मर्फीचा नियम'. त्याचा उगम मोठा बोधप्रद आहे. १९४९ साली कॅलिफोर्नियातील एका हवाई तळावर, वेगाला अचानक खीळ बसली तर मानवी शरीर किती धक्का सोसू शकते, याचे प्रयोग चालू होते. कर्नल स्टॅप हे स्वतःच अग्निबाणाच्या जोरावर धावणाऱ्या घसरगाडीत बसत. एका चाचणीसाठी एडवर्ड मर्फी नावाच्या अभियंत्याने आणलेली मापनयंत्रे उलटी जोडली गेली आणि सारा खटाटोप करूनही नोंद शून्य आली. मर्फी वैतागून जे बोलला त्याचा आशय असा होता की, एखादे काम करण्याच्या दोन रीती असतील आणि त्यांतील एकीने घात होणार असेल, तर कोणीतरी ते काम नेमके त्याच रीतीने करणार.

जगाने या उद्गाराचा विनोद केला. परंतु अभियंत्यांनी त्यातून वेगळाच धडा घेतला. चूक होणारच असेल, तर यंत्राची रचनाच अशी करा की ते उलटे जोडताच येऊ नये. आपल्या म्हणींत आणि या नियमात येथे मोठा फरक पडतो. व्याह्याचे घोडे दैवाने येते आणि नकटीच्या लग्नातील विघ्नेही दैवानेच येतात. मर्फीच्या यंत्रातील बिघाड मात्र रचनेतून येतो आणि रचना बदलली तर टळतो. एकाने सहनशीलता शिकवली, दुसऱ्याने दुरुस्ती. दोन्हींची गरज आहे. परंतु कोठे कोणती, हे ओळखता आले पाहिजे.

एक साधे उदाहरण घेतो. बसथांब्यावर उभे राहणाऱ्या प्रत्येकाची तक्रार असते की, आपल्याच नशिबी ताटकळणे का येते? समजा, एका मार्गावर सरासरी दर अर्ध्या तासाला एक बस आहे. वेळापत्रक काटेकोर पाळले, तर सहज थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पंधरा मिनिटे थांबावे लागेल. आता समजा, गाड्या अनियमित झाल्या आणि त्यांच्यातील अंतर एकदा दहा मिनिटांचे व एकदा पन्नास मिनिटांचे पडू लागले. सरासरी अजूनही तीसच मिनिटांची आहे. आगार म्हणेल, आमच्या गाड्यांची संख्या कमी झालेली नाही. परंतु प्रवासी येतात ते वेळेच्या प्रमाणात. साठ मिनिटांतील पन्नास मिनिटे ही लांब अंतराची असल्याने सहांपैकी पाच प्रवासी त्या लांब अंतरातच सापडतात. त्यांना सरासरी पंचवीस मिनिटे थांबावे लागते. उरलेल्या एका भाग्यवंताला पाच. सर्वांची मिळून सरासरी निघते ती पावणेबावीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दीडपट.

म्हणजे 'माझेच नशीब फुटके' असे म्हणणारे सहांतील पाच जण गणिताच्या दृष्टीने अगदी बरोबर असतात! फक्त त्यांनी दोष द्यायचा तो नशिबाला नव्हे, अनियमिततेला. एकही नवी गाडी न आणता केवळ वेळ पाळली, तर त्यांचे फुटके नशीब सांधता येते. आपण ज्याला दैव म्हणतो, त्यात व्यवस्थेचा वाटा किती असतो, याचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

याचा अर्थ आपल्या मनाचा काहीच दोष नसतो, असेही नाही. कानेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली असे मांडले की, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख माणसाला बरेच अधिक वाटते. पुढील प्रयोगांत ते सुमारे दुपटीचे आढळले. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच संशोधनासाठी. वेळेवर आलेली बस आपण विसरतो, चुकलेली लक्षात ठेवतो. छत्री घेतली आणि पाऊस आला नाही, असे दिवस लक्षात राहतात. छत्री घेतली आणि पाऊस आला, हे दिवस स्मरणातून पुसले जातात. फजितीची गोष्ट सांगितली की मैफल जमते, वेळेवर पोहोचल्याची गोष्ट कोण ऐकणार?

जो हसला नाही तो

आता त्या तरुणाविषयी. तो एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. त्याची पदव्युत्तर पदवी माझ्याइतकीच आहे आणि पात्रता परीक्षा तो माझ्यापेक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झाला आहे. फरक एवढाच की, तो जेवढे तास घेईल तेवढ्याच तासांचे मानधन त्याला मिळते. घाटात बस थांबली तेव्हा मी घड्याळ पाहून म्हणालो, "पहिला तास बुडाला." तोही घड्याळ पाहून तेच म्हणाला. वाक्य एकच होते, परंतु अर्थ दोन होते. माझा तास बुडाला म्हणजे माझा विनोदाचा एक किस्सा वाढला. त्याचा तास बुडाला म्हणजे त्याच्या महिन्यातून तेवढे पैसे गेले. नंतर तो तास भरून काढता येईलही, पण त्यासाठी वेळापत्रकात जागा मिळावी लागते, कोणाची तरी परवानगी लागते आणि ते मानधन हाती पडण्यासाठी कित्येकदा महिनोन् महिने वाट पाहावी लागते.

मी हसू शकलो ते माझ्या अंगी विनोदबुद्धी अधिक होती म्हणून नव्हे. माझ्या हसण्याला दरमहा अनुदान आहे. आम्ही शिक्षक आणि कारकून मंडळी स्वतःच्या खिलाडूवृत्तीचे मोठे कौतुक करतो. 'आम्ही काय, कशावरही हसतो बुवा' असे म्हणतो. ती खिलाडूवृत्ती वेतनश्रेणीच्या कोणत्या कोष्टकात बसते, हे एकदा तपासून पाहावयास हरकत नाही.

आणि तो वयस्क शेतकरी? ज्याने सर्वांना हसवले, त्याचे त्या तासाभरात काही बुडणार नव्हते. तो लेकीकडे निघाला होता. परंतु बस सुरू झाल्यावर आम्ही शेजारी बसलो आणि त्याने सोयाबीनची गोष्ट काढली. पहिल्या पावसावर पेरले, मग पावसाने दडी मारली, उगवलेले करपले, पुन्हा बियाणे आणून दुबार पेरणी केली. हे सर्व तो सांगत होता तेव्हा त्याने एकही विनोद केला नाही. माणूस तोच, अर्ध्या तासापूर्वी गाडीभर लोकांना हसवणारा. दुर्दैव मात्र दुसऱ्या मापाचे होते.

गरीब माणूस हसत नाही, असे मला म्हणावयाचे नाही. तसे म्हणणे सत्याला सोडून होईल आणि उद्धटपणाचेही होईल. द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांच्या कथांतील खेडे हसते, आणि ते हसू अस्सल आहे. आठवडी बाजारात, पारावर आणि आडत्याच्या दुकानासमोर लागलेल्या गाड्यांच्या रांगेत जे विनोद ऐकू येतात, ते आमच्या शिक्षक-खोलीत ऐकू येत नाहीत. परंतु त्या विनोदाकडे बारकाईने पाहिले, तर त्यातील अर्धा विनोद तक्रारीचा वेश पालटून आलेला असतो. ज्याला अर्ज करता येत नाही किंवा ज्याच्या अर्जाला उत्तर येत नाही, तो थट्टा करतो. अशा थट्टेला टाळी देऊन मोकळे होणे म्हणजे अर्ज वाचल्याशिवाय फाईलला लावण्यासारखे आहे.

तुरीची गोष्ट

अलीकडच्या काळातील एका मोठ्या फजितीचे स्मरण येथे करून द्यावेसे वाटते. २०१५ साली तूरडाळीचे भाव किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेले. शहरात हाहाकार झाला. तूर पेरा, असे शासनही म्हणू लागले, बाजारही म्हणू लागला. २०१६ साली शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढवला आणि नेमका पाऊसही चांगला झाला. पीक भरभरून आले, आणि २०१७ च्या आरंभी बाजारभाव ५०५० रुपये क्विंटल या हमीभावाच्याही खाली घसरले. खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. रांगेत नंबर आला तर बारदाना संपलेला असे आणि बारदाना आला तर खरेदीची मुदत संपत आलेली असे. मर्फीने हे पाहिले असते, तर त्याला नवा नियम लिहावा लागला असता.

या प्रकाराला अर्थशास्त्रात कोळ्याच्या जाळ्याचे नाव आहे. गेल्या हंगामाचा भाव पाहून शेतकरी या हंगामाचा पेरा ठरवतो. सर्वांनी एकाच भावाकडे पाहिल्यामुळे पुरवठा वाढतो आणि भाव कोसळतो. पुढल्या वर्षी सर्वजण पेरा घटवतात आणि भाव चढतात. १९३४ साली निकोलस काल्डॉर यांनी या सिद्धान्ताला हे नाव दिले. म्हणजे २०१७ साली जे घडले ते ऐंशी वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेले होते. 'दैव देते आणि कर्म नेते' असे म्हणून आपण हळहळलो. पण येथे दैवाने चांगला पाऊस दिला होता. जे नेले ते साठवणुकीच्या, आयातीच्या आणि खरेदीच्या नियोजनाने नेले. याला नशीब म्हणणे हा नशिबावर अन्याय आहे.

पीकविम्याचेही तसेच. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात विमा मिळू लागला आणि २०२५ साली ती सवलत बंद झाली. त्या योजनेत गारपीट, पुराचे पाणी यांसारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाले, तर ते ७२ तासांच्या आत कळवावे लागे. शेतात गुडघाभर पाणी, गावात वीज नाही, मोबाईलला रेंज नाही आणि डोक्यावर बहात्तर तासांचे घड्याळ! या दृश्यावर एखादा कुशल लेखक उत्तम विनोदी प्रवेश लिहील आणि आपण शहरातील नाट्यगृहात बसून त्यावर हसूही. परंतु ज्याचे शेत पाण्याखाली होते, त्याला ते हसू परवडणारे नव्हते.

हे लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली होती, त्यांत बुलढाणा जिल्हाही होता. ती मदत कशासाठी होती, हे वाचकांना ठाऊक आहे. एकामागून एक आलेली लहान लहान विघ्ने, प्रत्येकाची किंमत थोडीथोडी, परंतु ती भरण्यासाठी गाठीला काहीच नाही, अशी साखळी कोठे जाऊन थांबते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. विघ्न तेच असते. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत त्याची ती फजिती ठरते. ज्याच्या गाठीला काही नाही त्याचा तो सर्वनाश ठरतो.

हसू परवडावे म्हणून

मग आपण हसणे सोडून द्यावे काय? मुळीच नाही. स्वतःच्या फजितीवर हसणारा माणूस स्वतःला विश्वाचा मध्यबिंदू समजत नाही, आणि हा गुण समाजाला फार उपकारक आहे. घाटात अडकलेले चाळीस अनोळखी लोक एका वाक्याने एकत्र आले आणि त्यांनी मिळून बस ढकलली, ती हसण्याच्या बळावरच. वैतागलेल्या चाळीस जणांनी ती ढकलली नसती. फजितीचा विनोद हा एक प्रकारचा परस्पर विमाच आहे. आज माझी छत्री विसरली, उद्या तुमची विसरेल. आज तुम्ही माझ्यावर हसा, उद्या मी तुमच्यावर हसेन.

परंतु दोन पथ्ये आपण पाळली पाहिजेत. पहिले पथ्य असे की, जे व्यवस्थेने बिघडवले आहे ते नशिबाच्या खाती लिहू नये. १८७० साली कापसासाठी खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. तेथून पुढे जालन्यापर्यंत रूळ नेण्याची मागणी इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आजही रेल्वे नाही. मलकापूरला उतरून घाट चढावा लागतो. यावर आम्ही पिढ्यान् पिढ्या विनोद करीत आलो. आजोबांचा विनोद नातवाला जसाच्या तसा उपयोगी पडावा, हे विनोदाचे यश असेल, कारभाराचे नव्हे.

दुसरे पथ्य असे की, स्वतःला हसू आले म्हणून दुसऱ्यालाही ते आलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये. आपल्या शेजारी बसलेल्या माणसाची पहिली तारीख ठरलेली आहे की नाही, हे आधी पाहावे. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला निश्चित मासिक वेतन मिळाले, विम्याची रक्कम पुढल्या पेरणीच्या आत हाती आली, खरेदी केंद्रावर तुरीच्या आधी बारदाना पोहोचला, तर बस बंद पडावयाची थांबणार नाही आणि पाऊसही कोणाचे ऐकणार नाही. विघ्ने येतच राहतील. मात्र ती हसण्यावारी नेता येतील एवढ्या मापाची होतील. नागरिकाच्या आयुष्यातून दुर्दैव हद्दपार करणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. परंतु ते हसण्यावारी नेता येण्याजोगे लहान करणे शक्य आहे, आणि कल्याणकारी राज्य म्हणतात ते याहून फारसे वेगळे नसावे.

त्या दिवशी आम्ही दीड तास उशिरा बुलढाण्यात पोहोचलो. वर्गात गेल्यावर मी विद्यार्थ्यांना घाटातील हकीकत सांगितली आणि ते पोट धरून हसले. त्याच वेळी दुसऱ्या एका महाविद्यालयात तो तरुण आपला दुसरा तास घेत असेल. पहिल्या तासाची हकीकत त्याने आपल्या विद्यार्थ्यांना सांगितली असेल, असे मला वाटत नाही.